डोंगराअलीकडचा पर्जन्यमापक

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. मित्रांनो, नाव भारदस्त असलं तरी मी म्हणजे एक पत्र्याचं नळकांडं, डोक्यावर नरसाळं आणि पोटात बाटली. पडलेला पाऊस माझ्या पोटात साठतो, सकाळी तो मोजतात आणि बाटली उपडी करतात. माझ्या आयुष्यात याहून सनसनाटी फारसं काही नाही.

एका छोट्या बेटावर, डोंगराच्या अलीकडे, कचेरीच्या मागच्या अंगणात मला बसवलं. इथेच का? तर बोटीने पाहणीला येणाऱ्या साहेबांना चिखलातून लांब चालायला नको, हा त्यामागचा शास्त्रीय विचार. तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं. ढग थोडे अलीकडे बरसायचे, थोडे पलीकडे. माझा आकडा साऱ्या बेटाला लागू पडायचा. लोक मान द्यायचे आणि मीही जरा फुगलो होतो.

मला सांभाळणाऱ्या बाईंना सगळे पाऊसबाई म्हणतात. त्यांची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या गावात दिलेली. तिथे तिचा भाजीचा मळा आणि गोड्या पाण्याची विहीर.

मग हवा बदलली. समुद्र तापला, वारं हट्टाला पेटलं. ढग डोंगराला अडून सगळं ओझं अलीकडेच टाकू लागले. इथे दरडी कोसळायच्या आणि पलीकडे नुसती धूळ उडायची. धाकटीच्या विहिरीतलं गोडं पाणी खाली गेलं, तसं समुद्राचं खारं आत शिरलं.

बेटावर पाऊस कमी झाला तर पाण्याची बोट पाठवायची, असा नियम आहे. कमी झाला की नाही, हे कोण सांगणार? मी. आणि माझं पोट तर गळ्यापर्यंत भरलेलं.

एके सकाळी धाकटी रिकामे कॅन घेऊन डोंगर उतरून आली.

"ताई, याच्यावर महिनाभर एखादं ताट झाक ना."

"वेडी का तू? मागे दरड पडलीय आणि मी कोरडं कळवू?"

"मग आमच्याकडचं कळव."

"तुमच्याकडे मोजतं कोण?"

"विहीर मोजते. तुझ्या साहेबाला म्हणावं, ये, एक पेला पिऊन दाखव."

पाऊसबाईंनी कुदळ आणली. त्यांनी मला उपटलं, चादरीत गुंडाळलं आणि डोंगरापलीकडे नेऊन धाकटीच्या अंगणात रोवलं. महिनाभर मी तिथे आ वासून उभा होतो. माझ्यात पडला तो फक्त एक कोळी. त्याने नरसाळ्यात जाळं विणलं आणि ते एकदाही भिजलं नाही.

पाऊसबाईंनी साहेबांना फोन करून पलीकडचं कोरडं माप कळवलं.

"जागा बदललीत ना? मग ते माप धरता येत नाही," साहेब म्हणाले. "आणि नेहमीच्या जागेचं माप राहिलंच. असू दे, मी मागच्या वर्षांची सरासरी टाकतो."

सरासरी भरपूर निघाली. म्हणजे मी जागेवर नसतानाही भरलेलाच.

"साहेब, पलीकडे अजून एक बसवा."

"एवढ्याशा बेटाला दोन? लोक हसतील, बाई."

बोट आली नाही. मळा वाळला. मी माझ्या जागी परत आलो आणि धाकटीही घराला कुलूप लावून ताईकडे राहायला आली. इथे नळाला पाणी आहे. तरी थेंब पडला की ती धावत बाहेर येते आणि घरातली सगळी भांडी माझ्या शेजारी मांडते.

"अगं, आत ये, भिजशील," ताई म्हणते.

"येते. एवढं भरू दे."

भांडी भरतात, ओसंडतात. तिला ती ओतवत नाहीत. मी शेजारी उभा राहून भरत असतो. दुसरं मला काही येत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. ते पाऊसबाई करतातच. फक्त माझा आकडा ऐकलात की एकदा पलीकडे जाऊन बघून या. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. डोंगर तसा फार उंच नाही.