व्हॅनिलाच्या वासाचं करडू

मित्रांनो, मी अत्तराची एक रिकामी बाटली आहे. माझं झाकण हरवलंय आणि काचेवरची सोनेरी अक्षरंही पुसत आलीत. नळदुर्गजवळच्या एका वस्तीवर, शेळ्यांच्या गोठ्यातल्या कोनाड्यात मी बसलेली असते. अत्तराची बाटली आणि गोठ्यात? हसू येईल तुम्हांला. पण आधी ऐका.

दूरच्या एका कारखान्यात मला घडवलं आणि माझ्यात व्हॅनिलाचं अत्तर भरलं. हा वास फुलांसारखा नसतो. मंद आचेवर दूध-साखर आटत असावी आणि शेजारी भट्टीतून नुकताच केक निघावा, तसा तो ऊबदार वास. उन्हाळ्यात मला कुणी हात लावत नाही. डोकं उठतं म्हणतात. थंडीत मात्र माझं राज्य. शालीत, लोकरीत मी हळूहळू मुरते आणि धुतल्यावरही मागं उरते. या चिवटपणाचा मला फार गर्व होता. पुढं त्यानंच घात केला.

मला विकत घेतलं वीरप्पानं. नळदुर्गात त्याच्या वडिलांची बेकरी आहे. त्याची बहीण भुवनेश्वरी, घरची भुवना, लहानपणापासून त्या भट्टीपाशीच वाढली; खारी भरायची, नानकटाई लावायची. लग्न होऊन ती सासरी निघाली तेव्हा वीरप्पानं मला तिच्या मुठीत ठेवलं आणि हळूच म्हणाला, "थंडीत लाव. आपली भट्टी संगं असल्यावानी वाटंल."

तेव्हापासून रोज सकाळी गळ्याशी एकच फवारा मारून ती मला स्वेटरच्या खिशात ठेवायची. नवरा शंभुलिंग ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. माळावरचं घर, वारा अंगात शिरणारा. त्या परक्या घरात मीच तिचं माहेर होते.

सासूबाई महानंदाबाई मोठ्या नेमाच्या. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याला शिवत नसत. गोठ्यातल्या प्रत्येक मुक्या जिवाच्या तोंडी काही गेल्याशिवाय स्वतः घास घेत नसत. आवाज त्यांनी कधी चढवला नाही. पण माझा वास काही त्यांना मानवेना. सून जवळून गेली की नाकाला पदर लागायचा. एकदा शांतपणे म्हणाल्या, "देवापाशी येताना तेवढं केकाचं पुसून येत जा, माय." भुवना 'व्हय' म्हणाली, पण तिचा हात खिशात माझ्याभोवती घट्ट आवळला गेला.

आंदणात तिला एक काळी शेळी मिळाली होती. शेळी पहिलटकरीण. पौषातल्या एका सकाळी, सासूबाई पूजेला बसलेल्या असताना, गोठ्यातून ओरडणं ऐकू आलं. भुवना धावली. एक करडू जन्मलं होतं आणि शेळी ते चाटत होती. तेवढ्यात दुसरं घसरून ओल्या जमिनीवर पडलं. आईचं तिकडं लक्षच नव्हतं. दाराच्या फटीतून वारा येत होता आणि ते इवलंसं अंग लटलट कापत होतं.

भट्टीवरच्या लेकीला एकच ठाऊक : गार पडलेलं पीठ उबेला ठेवलं की फुलतं. तिनं करडू उचललं, शालीनं खसाखसा पुसलं आणि गळ्याशी धरलं. तिथंच मी नुकतीच फवारले गेले होते.

करडाचं कापणं थांबलं. खूश होऊन तिनं ते आईपुढं ठेवलं. शेळीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि खाली मान घालून अशी ढुशी मारली, की करडू भिंतीवर आदळलं.

भुवनानं झेप घेऊन ते उचललं. सासूबाई पूजा आटोपून आल्या. त्यांनी करडू नाकाशी नेलं आणि डोळे मिटून घेतले. आईनं चाटायच्या आधी ते उचलायचं नसतं, हे सुनेला सांगायचं राहूनच गेलं होतं.

मग धडपड सुरू झाली. करडू कोमट पाण्यानं पुसलं. शेळीनं चाटावं म्हणून त्याच्या पाठीला मीठ चोळलं. पहिल्या करडाच्या अंगाची ओल त्याला फासली. शेळी जीभ लावायची, मी तिच्या नाकात शिरायची, की पुन्हा ढुशी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मी जाते, मी जाते. पण थंडीत मला जाताच येत नाही हो. शेळीचे पाय धरून चीक, म्हणजे पहिलं दूध, पाजू पाहिला, तर तिनं तो चोरला, वर ओढून धरला. पिळून निघाले ते चार थेंब बोटानं तोंडात सोडले, ते ओठांवरून ओघळले. करडाची मान कलंडू लागली.

सासरे कल्याणप्पा शेगडी घेऊन आले आणि म्हणाले, "शेळीला काय ठावं, हिच्या म्हायेरात केक भाजत्यात म्हणून." त्यांनी बायकोला दोन घास खाऊन घ्यायला सांगितलं. महानंदाबाई करडाला चोळतच राहिल्या. "ह्याच्या पोटात गेल्याबिगर माझ्या पोटात न्हाय."

भुवनाला ते शब्द चटक्यासारखे लागले. ऊन दारात आलं, तरी करडाचे कान गारच. ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. खिशातून मला काढलं आणि बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला दगडावर आपटणार. तिनं आपटावं, असंही वाटलं.

ती वळली. "आत्याबाई, ह्याचा वास जात न्हाय. मग दुसऱ्या करडाला बी तोच लावू. अन् शेळीला बी. मग परकं कोन, हे तिला कसं कळंल?"

महानंदाबाईंनी नाकावरचा पदर काढून त्याचंच टोक पुढं केलं. "वत हितं."

फवाऱ्यानं भागणार नव्हतं. भुवनानं माझं तोंड उचकटलं आणि मला पदरावर उलटं केलं. तिचं सगळं माहेर त्या पदरात ओघळलं. त्यातलं झोंबरं स्पिरिट थोडं उडू दिलं. मग सासूबाईंनी आपल्या हातानं तो पदर पहिल्या करडाच्या पाठीवरून, शेळीच्या कपाळावरून, मानेवरून, कासेजवळून फिरवला. गोठाभर बेकरी दरवळली. शेळी शिंकली. तिनं आपल्या लाडक्या करडाला हुंगलं, चाटलं. मग दुसऱ्याकडं वळली. मान खाली गेली.

ढुशी आली नाही. आली ती जीभ.

महानंदाबाईंनी करडू हळूच कासेशी लावलं. एकदा सड निसटला. दुसऱ्यांदाही निसटला. मग त्यानं सड पकडला, आणि चीक ओढताना त्याची इवली शेपूट थरथर हलू लागली. तेव्हा कुठं सासूबाई खाली बसल्या आणि भुवनानं दिलेलं पाणी प्यायल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "रिकामी केलीस गं." मग शेळीकडं पाहत, आणखी हळू : "तू नवी आलीस तवा म्या बी हुंगूनच बघत व्हते."

मित्रांनो, मला कुणी फेकलं नाही. महानंदाबाईंनीच मला या कोनाड्यात ठेवलं. तुम्हांला हात जोडून सांगते, नुकत्या जन्मलेल्या पिलाला आईनं चाटायच्या आधी उचलू नका. आणि घरात कुणी नवं माणूस वेगळा वास घेऊन आलं, तर त्याला ढुशी मारू नका. तुमचा थोडा वास त्याला द्या, त्याचा थोडा तुम्ही घ्या.

आता माझ्यात थेंब नाही. तरी कडाक्याच्या सकाळी महानंदाबाई गोठ्यात येतात, इकडंतिकडं बघतात, मला उचलून नाकाशी धरतात, आणि मग बाहेर सुनेला हाक मारतात.