दोनशे वीस म्हणजे दोनशे वीसच!

मित्रांनो, पाऱ्याची काचेची नळी, दंडाला बांधायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा जीव. मी रक्तदाब मोजणारं जुनं यंत्र. अंजनगाव सुर्जीत साधना डॉक्टरांच्या दवाखान्यात माझी तेवीस वर्षं गेली. खोटं कधी दाखवलं नाही. म्हणून तर हीनाच्या वेळी मला इतका संताप आला.

हीना एकवीस वर्षांची, घरी कपडे शिवणारी. डोकं ठणकतं म्हणून आईबरोबर आली. पट्टा बांधला आणि माझा पारा दोनशे वीसवर! कंपाउंडर नत्थुजी म्हणाले, "मशीन बिघडली, मॅडम." डॉक्टरांनी मला स्वतःच्या दंडाला बांधलं. एकशे अठरा. पुन्हा हीनाच्या दंडाला. दोनशे वीस!

तरी तिची आई कुलसुमबी म्हणतेच, "एवढ्याशा पोरीले कायचा बीपी? दिवसभर मोबाइल पायते, म्हणून डोकं दुखते."

एक गोळी सुरू झाली, मग दोन, मग तीन. तीन महिने गेले. पारा उतरेना. तेव्हा माझ्यावरचा संशय तिच्यावर गेला.

"गोळ्या घेतच नसशीन तू," नत्थुजी म्हणाले.

"रोज घेऊन राहिली ना मी, काका!" हीना रडकुंडीला आली. "पायात ताकतच नाही. शिलाई मशीनचं पायडल दाबता येत नाही. पन कोनी मानतच नाही!"

पायातली ताकद गेल्याचं ऐकून डॉक्टर सावध झाल्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. स्नायूंना ताकद देणारं पोटॅशियम फार कमी निघालं. अमरावतीला स्कॅन केला, तर उजव्या मूत्रपिंडात बोराएवढी गाठ.

"रक्तदाब वाढवणारं आणि पोटॅशियम घटवणारं संप्रेरक ही गाठच बनवते आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मी आधीच शोधायला हवं होतं. चूक माझी."

कुलसुमबीनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे हे मशीन खरंच सांगत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," डॉक्टर म्हणाल्या.

अकोल्याला शस्त्रक्रिया झाली. महिन्यानं हीना आली तेव्हा पारा एकशे वीसवर होता, आणि गोळी एकही नव्हती. कुलसुमबीनं लेकीला पोटाशी धरलं. पण इतके दिवस चढलेल्या दाबानं डावा डोळा अधू झाला होता. त्या डोळ्याला सुईचं भोक दिसत नाही.

मित्रांनो, माझा आकडा पटला नाही तर पुन्हा मोजा, दुसऱ्या यंत्रानं मोजा. औषधानं दाब उतरत नसेल तर कारण शोधा. आजारी माणसाला खोटं ठरवण्याआधी एवढं तरी करा!