खुणा आधीच केलेला फॉर्म

मंगळवारी सकाळी ऑपरेशनच्या टेबलावर आमची आत्या वारली. पण ते सध्या बाजूला ठेवू. दवाखान्याच्या फॉर्मवर अजून सगळं ठीक आहे, तेव्हा आपणही ती ठणठणीत आहे असंच धरून चालू.

तर ठणठणीत आत्या शिवणकाम करायची. पित्ताशयातले खडे काढायचे आणि दोन दिवसांत घरी, असं ठरलं होतं. दवाखान्याचा गाऊन चढवताना तिनं त्याच्या शिलाईला नावं ठेवली आणि त्याच दमात सांगितलं, की एका अँटिबायोटिकनं मागे तिचा घसा सुजून श्वास कोंडला होता, तेवढं देऊ नका. औषधाचं नाव तिला पाठ होतं. वॉर्डातल्या नर्सला वाटलं, डॉक्टर विचारतीलच. शिकाऊ डॉक्टरला वाटलं, नर्सनं लिहिलंच असेल. दोघांचा एकमेकांवर गाढ विश्वास होता, बोलणं तेवढं नव्हतं.

मनावर घेतलं ते फक्त स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉय मामांनी. विसरू नये म्हणून लिफ्टमध्ये ते औषधाचं नाव जपासारखं पुटपुटत राहिले आणि थिएटरच्या दारात त्यांनी ते तिथल्या सिस्टरच्या कानावर घातलं.

चीर देण्याआधी तिथं एक फॉर्म मोठ्यानं वाचतात. पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, ॲलर्जी आहे का. वेळ वाचावा म्हणून वर्षापूर्वी नीट भरलेल्या एका फॉर्मच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या, खुणांसकट. नाव तेवढं नवं घालायचं. त्या मूळ पेशंटला कसलीच ॲलर्जी नव्हती, त्यामुळे वर्षभर कुणालाच नव्हती.

'ॲलर्जी नाही' असं वाचून झालं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सर."

हात धुतल्यानंतर कुणी बोललेलं मोठ्या डॉक्टरांना खपत नसे. त्यांनी मान वर केली.

"काही म्हणालात का?"

"नाही, सर."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तेच अँटिबायोटिक टोचलं. पुढं जे झालं ते आपण बाजूला ठेवलंय, आणि ते तिथून हलत नाही.

सिस्टरनी हे मला जिन्यात सांगितलं, भिंतीकडे बघत. म्हणाल्या, "तोंडात आलं होतं हो माझ्या."

आठवड्यानं दवाखान्यात आपसातला संवाद सुधारण्यासाठी बैठक झाली. अध्यक्ष मोठे डॉक्टर. कुणाला काही बोलायचंय का, असं त्यांनी विचारलं. मामांना बोलावलंच नव्हतं, बाकी कुणाला काही बोलायचं नव्हतं. संवाद समाधानकारक असल्याची नोंद झाली.

मला तक्रारीच्या खिडकीवर सांगण्यात आलं, काय ते लेखी द्या. दिलं:

महोदय, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटे ही वेळ कृपया पुन्हा एकदा घेण्यात यावी. मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरना तोच प्रश्न विचारावा आणि या खेपेस खरे उत्तर येईपर्यंत इंजेक्शन थांबवून ठेवावे. पेशंटची हरकत नाही.