अनोपबापांची सात तत्त्वं

रळियातबेनच्या निवृत्तीला पावणेदोन वर्षं उरली असताना त्यांना शिकायला बोलावणं आलं. पत्र तालुक्याहून आलं होतं. खारडी गावच्या एकशिक्षकी शाळेच्या बेननी अनोपपद्धतीचं प्रशिक्षण घेतल्याची नोंद दप्तरी सापडत नाही, तरी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी अंथरूण-पांघरूण आणि ताटवाटी घेऊन बारा दिवसांसाठी हजर व्हावं, असा मजकूर होता. बेननी तो दोनदा वाचला, पत्राची घडी घातली आणि बारा दिवस पुरतील एवढे थेपले करायला घेतले.

अनोपपद्धती तेव्हा साऱ्या देशात लागू होती. दिल्लीच्या समितीनं तिला राष्ट्रीय ठरवलं होतं, आणि काठियावाडातल्या खेड्यापासून आसामातल्या चहामळ्यापर्यंत मुलं पूर्वेकडे तोंड करून बसत होती, अकरा वीस ते अकरा पंचावन्न या वेळात मान्यताप्राप्त यादीतले प्रश्न विचारत होती आणि दुपारी दोन ते अडीच मौन पाळत होती. ज्यांच्या नावानं हे चाललं होतं ते अनोपराम वैद्य संस्थानी राजवटीत शाळातपासनीस होते. एके दिवशी ती नोकरी सोडून त्यांनी वडलीच्या वेशीवर कपाशीच्या एका रिकाम्या वखारीत शाळा काढली. लोक त्यांना अनोपबापा म्हणत. बापांनी पुस्तक असं लिहिलंच नाही. जुन्या पाकिटांच्या पाठीवर काहीबाही खरडून ठेवायची त्यांना सवय होती. ते गेल्यावर एका प्राध्यापकांनी ती पाकिटं गोळा केली आणि त्यांतून सात तत्त्वं काढली.

रळियातबेन बाराव्या वर्षी विधवा झाल्या आणि चौदाव्या वर्षी त्याच वखारीच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. पुढे बापांनी त्यांना पाटी दिली, मग वर्ग दिला. बापांनी डोळे मिटले तोवर चौदा वर्षं त्या तिथं होत्या. पण सात तत्त्वं आहेत हे त्यांना पहिल्यांदा कळलं ते तालुक्याच्या प्रशिक्षणात, पहिल्या दिवशी, फळ्यावर.

फळ्याशी जसवंतभाई धोळकिया उभे होते. वय एकोणतीस, खादीचा सदरा, अक्षर छापल्यासारखं. बापांवर बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा, आणि तो खोटा नव्हता. त्यांच्या मागं भिंतीवर वडलीच्या शाळेचा मोठा फोटो होता. मधे बापा, भोवती मुलं, आणि अगदी मागं दाराशी हातात पळी घेतलेली एक हडकुळी पोर. रळियातबेननी फोटो बघितला आणि चष्मा काढून पुसला.

तिसऱ्या दिवशी तिसरं तत्त्व निघालं. मुलांनी पूर्वाभिमुख बसावं.

"साहेब," एक मास्तर उठून म्हणाले, "आमच्या शाळेत पूर्वेला मोठी खिडकी आहे. सकाळी पोरांच्या डोळ्यांवर ऊन येतं. निम्मी पोरं डोळे मिटून शिकतात."

"त्यातही बापांचा विचार आहे," जसवंतभाई म्हणाले. "उगवत्या प्रकाशाला सामोरं जाणं."

रळियातबेननी हात वर केला. "वखारीची पश्चिमेची भिंत गळायची, भाई. पावसात पोरांच्या पाट्या भिजायच्या, म्हणून बापांनी सगळ्यांना तिकडं पाठ करून पुढं सरकवलं. पावसाळा संपल्यावर परत फिरवायचं राहून गेलं."

"हे आपण कुठं वाचलंत, बेन?"

"वाचलं नाही. त्या भिंतीखाली बादल्या मी ठेवायची."

चाळीस शिक्षकांचा वर्ग हसला. जसवंतभाईंचे कान लाल झाले. त्यांनी घाईनं पाचव्या तत्त्वाला हात घातला, दुपारचं मौन, अंतर्मुखतेचा संस्कार. बेनना खरं तर गप्प बसायचं होतं. पण शेजारच्या मास्तरांनी कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "याचं काय, बेन?"

"बापांना अर्धशिशी होती," बेन हळूच म्हणाल्या. हळूच म्हटलेलं मागच्या रांगेपर्यंत गेलं. "जेवल्यावर अर्धा तास झोपायचे. पोरांनी दंगा केला तर धोतर सावरत बाहेर यायचे आणि जो हाताला लागेल त्याचा कान धरायचे."

चहाच्या सुट्टीत जसवंतभाईंनी त्यांना बाजूला बोलावलं. रागानं नव्हे, दुखावल्यासारखं. "बेन, मी बापांवर तीन वर्षं अभ्यास केलाय. लोकांना हसवून तुम्हाला काय मिळतं?"

"मी चौदा वर्षं त्यांचे रोटले भाजले, भाई. हसवलं नाही मी. लोक हसले."

"बरं. मग तुमच्या मते त्यांची मुख्य शिकवण काय होती? सांगा, मी लिहून घेतो." आणि त्यांनी खरंच वही काढली.

बेननी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी नवीनच आले होते. बाजरीचे रोटले करताना एक टम्म फुगायचा, एक पडून राहायचा. पीठ तेच, तवा तोच, हात माझाच. एकदा बापा वाढून घ्यायला आले तेव्हा विचारलं, असं का होतं? मला वाटलं, आता बोलणी खाणार. बापा म्हणाले, मला ठाऊक नाही. भाई, तोवर कुठल्या पुरुषाच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. वडिलांच्या नाही, सासऱ्याच्या नाही, पूजा सांगणाऱ्या गोर महाराजांच्या तर नाहीच. त्यांनी वर्ग बंद केला आणि सगळ्या पोरांना चुलीशी आणून बसवलं. चार दिवस आम्ही रोटलेच केले. जाड, पातळ, गार पाण्याचे, कढत पाण्याचे. चार दिवस सगळी शाळा करपलेलं खात होती."

"आणि मग?"

"मग थोडं कळलं, थोडं राहिलं. पण प्रश्न कोणी विचारला की आधी 'ठाऊक नाही' म्हणायचं आणि पोराबरोबर उठायचं, एवढंच मी त्यांच्याकडून शिकले. अजून तेच करते."

जसवंतभाईंचं पेन वहीवर थांबलं होतं. "पण हे तत्त्व म्हणून लिहायचं कसं? शिक्षकच ठाऊक नाही म्हणायला लागला तर पालक काय म्हणतील?"

"ते मला ठाऊक नाही," बेन म्हणाल्या.

जसवंतभाईंना वाटलं, म्हातारी टिंगल करतेय. त्यांनी वही मिटली.

बाराव्या दिवशी परीक्षा झाली. तिसरा प्रश्न आठ गुणांचा होता. 'परीक्षेविषयी अनोपबापांचे विचार चार मुद्द्यांत स्पष्ट करा.' रळियातबेननी लिहिलं, 'बापा परीक्षा घेत नसत.' अजून तीन मुद्दे सुचतात का ते खूप आठवून पाहिलं, पण न घेण्याचे चार मुद्दे काही होईनात. आठांपैकी दोन मिळाले. शंभरांपैकी एकतीस. सहा महिन्यांनी पुन्हा बसावं, असा शेरा आला.

बेन हसून सोडून देतील असं खारडीला वाटलं, पण तसं झालं नाही. पुढचे चार-पाच दिवस त्या शाळेत कमी बोलल्या. बापांच्या शाळेत नापास होणारी पहिली विद्यार्थिनी आपणच, हे कुठंतरी लागलं होतं.

तेवढ्यात बापांची जन्मशताब्दी आली. वडलीला मोठा सोहळा ठरला, दिल्लीचे मंत्री येणार होते, आणि समितीला एक जिवंत साक्षीदार हवा होता. शोधता शोधता बोट त्या फोटोवर आलं. पळी धरलेली पोर कोण, ते वडलीच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. समितीनं जसवंतभाईंनाच खारडीला धाडलं. बसमधून उतरून ते शाळेत आले तेव्हा त्यांची नजर जमिनीवरून उठत नव्हती.

"बेन, फोटोतल्या तुम्ही आहात हे आम्हाला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, भाई. आणि विचारायचा तास अकरा वीसला असतो ना."

जसवंतभाई पहिल्यांदा हसले. मग पिशवीतून टंकलिखित भाषण काढून त्यांनी बेनच्या हातात दिलं. "हे समितीनं तयार केलंय. एवढं वाचा म्हणजे झालं."

सोहळ्याच्या दिवशी वडली ओळखू येत नव्हती. वखारीला संगमरवरी फरशी बसली होती. केरळहून आलेले दोन शिक्षक फूटपट्टीनं दाराची रुंदी मोजत होते आणि आसामची एक बाई मुलं नेमकी किती अंशांत बसत ते विचारत होती. रळियातबेन आपली चूल शोधत मागच्या दारी गेल्या. तिथं आता पाहुण्यांच्या चपला ठेवायची फळी होती.

मंचावर त्यांनी भाषण वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत 'समन्वयात्मक' असा शब्द आला आणि त्या दोनदा अडखळल्या. त्यांनी कागद खाली ठेवला आणि घरी बोलावं तशा बोलायला लागल्या. गळकी भिंत सांगितली, अर्धशिशी सांगितली. मंत्री पोट धरून हसले, म्हणून मांडवही हसला. मग बेननी रोटल्याची गोष्ट काढली. "मी विचारलं, असं का होतं? तर बापा म्हणाले..." इथं त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या. टाळ्या झाल्या. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं.

दोन महिन्यांनी शताब्दीचा वृत्तांत छापून आला. त्यात बेनचं भाषण होतं. अर्धशिशीपर्यंत नीट होतं. पुढं कंसात लिहिलं होतं : वयोमानामुळे वक्त्यांना पुढील मजकूर आठवला नाही.

त्याच टपालात परिपत्रकही होतं. एका प्रत्यक्ष सहवासी शिक्षिकेच्या साक्षीवरून बापांच्या विचारात आठवं तत्त्व आढळल्याचं समितीनं जाहीर केलं होतं. विश्रामतत्त्व. यापुढे देशातल्या प्रत्येक शाळेत मौनाच्या वेळी शिक्षकांनी पंचवीस मिनिटं आडवं व्हावं, आणि त्यासाठी लागणाऱ्या चटईची मागणी तीन प्रतींत नोंदवावी.

खारडीचे सरपंच परिपत्रक घेऊन आले. "बेन, तुमच्यामुळं आता हिंदुस्तानभरचे मास्तर दुपारी झोपणार."

"आधीही झोपत होते, वजसीभाई," बेन म्हणाल्या. "आता पद्धतशीर झोपतील."

हे ऐकून सरपंच मोठ्यानं हसले. पण ते गेल्यावर बेननी वृत्तांतातलं ते कंसातलं वाक्य पुन्हा वाचलं, आणि संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही.

उन्हाळ्यात दुसरी परीक्षा झाली. 'विश्रामतत्त्वाचे शैक्षणिक महत्त्व पाच मुद्द्यांत लिहा.' बेननी लिहिलं, 'बापांचं डोकं दुखायचं.' शून्य मिळालं. एकूण एकोणतीस. पहिल्यापेक्षा दोन कमी.

दोनदा नापास झालेल्यांच्या वर्गाची तपासणी करायचा नियम होता. ती कामगिरीही जसवंतभाईंवरच आली. श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी ते छापील तक्ता घेऊन खारडीत पोचले. मुलं ओसरीत कशीही बसली होती, काही पूर्वेला, काही एकमेकांकडं तोंड करून. घंटा नव्हती. भिंतीवर प्रश्नांची यादी नव्हती. वालू नावाची नऊ-दहा वर्षांची, गुरं राखणाऱ्या मालधाऱ्याची मुलगी उठून थेट त्यांच्यापाशी आली.

"साहेब, उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं, मग पावसाळ्यात का नाही होत?"

यादीत हा प्रश्न नव्हता, हे जसवंतभाईंना पाठ होतं. "अगं, पाणी तेवढंच गार असतं," ते म्हणाले. "पावसाळ्यात हवाच गार, म्हणून आपल्याला तसं वाटतं."

"नाही साहेब. ते काल मीपण म्हटलं होतं. ते चूक आहे."

जसवंतभाईंनी बेनकडं पाहिलं. बेन नुसत्या बसून होत्या, जणू हा त्या दोघांचा आपसातला मामला होता.

"चूक आहे हे तुला कसं कळलं?" साहेबांनी वालूला विचारलं.

तिनं त्यांना मागच्या पडवीत नेलं. तिथं दोन माठ होते आणि शेजारी एक पितळेचा हंडा. वालूनं एक हात हंड्यात घातला, एक माठात, आणि साहेबांनाही तसंच करायला लावलं. दोन्ही पाणी सारखंच लागत होतं. माठ गार करतच नव्हता. मग त्यानं चालवलंय तरी काय? एक मुलगा म्हणाला, माठाला घाम येत नाहीये. दुसरा म्हणाला, घाम येतोय, पण वाळत नाहीये. त्यावरून भांडण लागलं. जसवंतभाईंनी बाह्या वर केल्या. कोणीतरी सूप आणलं, एका माठाला वारा घालायचा आणि दुसऱ्याला नाही असं ठरलं, आणि बाराच्या बसनं परत जाणारे साहेब चार वाजेपर्यंत आळीपाळीनं सूप हलवत राहिले. दोन ते अडीच मौन कोणालाच आठवलं नाही.

मुलं घरी गेल्यावर त्यांनी तक्ता पुढं ओढला. पूर्वाभिमुख बैठक, नाही. घंटा, नाही. मौन, नाही. मान्य प्रश्न, नाही. चटई, नाही. त्याखाली, विद्यार्थ्यांची प्रगती. तिथं त्यांनी 'उत्कृष्ट' लिहिलं. त्याच्यापुढं 'प्रगतीचे कारण' असा रकाना होता आणि तो रिकामा सोडायची सोय नव्हती.

"काय लिहू, बेन?"

"तुम्ही दिवसभर होतात ना. दिसलं ते लिहा."

"दिसलं ते या रकान्यात मावत नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "आणि तुमचं नाव लिहावं तर तुम्ही नापास आहात. नापास शिक्षिकेमुळं प्रगती झाली असं लिहिलं तर आपली दोघांचीही चौकशी लागेल."

बेननी त्यांच्यापुढं ताकाचा पेला ठेवला. "मग असं लिहा ज्यानं कोणाची चौकशी लागणार नाही."

जसवंतभाईंनी अखेर लिहिलं, 'गावाचे हवापाणी.' आणि सही केली. निघताना ते दाराशी थांबले, वाकून बेनच्या पायांना हात लावला आणि बसच्या रस्त्याला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात रळियातबेन निवृत्त झाल्या. सेवापुस्तकात शेवटच्या पानावर 'अनोपपद्धती : अप्रशिक्षित' अशी नोंद झाली. त्यांच्या जागी उत्तम गुणांनी पास झालेली एक तरुण बाई आली, घंटा आली आणि चटईही आली. निरोपाच्या दिवशी कार्यक्रम चालू असतानाच जसवंतभाईंच्या तक्त्याचा माग काढत दिल्लीहून तिघांचं एक पथक जीपनं येऊन थडकलं. त्यांच्याकडं लेबल लावलेल्या काचेच्या बाटल्या होत्या. गावच्या विहिरीचं पाणी, ओढ्याचं पाणी, शाळेच्या टाकीचं पाणी त्यांनी वेगवेगळं भरून घेतलं. बेननी त्यांना पोहरा कसा सोडायचा ते दाखवलं, चहा पाजला, आणि आणखी दोन बाटल्या रिकाम्या राहिल्या तेव्हा वालूला त्यांच्याबरोबर तलावाकडं धाडलं.