चमचुला म्हणजे केवढा?

मित्रांनो, मी सूप पिण्याचा एक जुना, जाडजूड चमचा आहे. माझ्यासारख्याने स्वतःविषयी काय सांगावं, आणि कोणी ते का ऐकावं, असा संकोच मला नेहमीच वाटत आला. पण एक भीती माझ्या पोटात घर करून बसली आहे. ती सांगतो, जमेल तशी.

कीटो शहरातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साकिसिली गावच्या गुरुवारच्या बाजारात सोइला आजीने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "हा खरा चमचा! अख्खा बटाटा मावतो यात." त्या दिवसापासून मी तिच्या चुलीजवळचा मानकरी झालो.

आमच्या डोंगराळ भागातली माणसं फार मऊ बोलतात. पाण्याला पाणुलं म्हणतात, सुपाला सुपुलं, आणि देवालाही लाडाने देवुला. मलाही सगळे चमचुलाच म्हणत. मला त्याचा केवढा आनंद होता!

आजीच्या नातीचं, सिसाचं, शाळेत नाव घातलं त्याच वर्षी तिला आकडी आली. ती अंगणात कोसळली, हातपाय झटकू लागली. घाबरलेल्या शेजारणीने मलाच तिच्या दातांत कोंबलं. कडकन आवाज झाला. मोडला तो माझा दांडा नव्हता, सिसाचा दात होता.

मग फेनोबार्बिटालच्या गोळ्या सुरू झाल्या. आकडी थांबली, पण पोर शाळेत बाकावर डोकं टेकून झोपू लागली. तेव्हा दवाखान्यात आलेल्या नव्या डॉक्टरांनी औषध बदललं. ते समुद्रकाठचे, भराभर बोलणारे. "हे पातळ औषध, कार्बामाझेपिन. हिच्या आकडीला हे बरं, आणि झोपही कमी आणेल. जुन्या गोळ्या मी सांगेन तशा कमी करा. हे सकाळ-संध्याकाळ एक चमचुला."

घरी येताच आजी कौतुकाने म्हणाली, "किनाऱ्याकडचा असून किती गोड बोलतो गं! चमचुला म्हणाला." आणि तिने मला उचललं, काठोकाठ भरलं.

काही दिवसांत सिसा झोकांड्या खाऊ लागली. "आजी, आपली कोंबडी दोन झाली!" असं म्हणून ती हसली. आजीही हसली. मग सिसा ओकली, आणि कोणीच हसलं नाही. तिचे डोळे मिटू लागले. दर वेळी मला भरताना माझ्या अंगावर काटा यायचा. काहीतरी चुकतंय असं वाटे, पण मी चमचा; माझ्या वाटण्याला काय किंमत?

एका सकाळी सिसाच्या आईने, नार्सिसाने, जुनी गोळी आणि नवी बाटली शेजारी शेजारी ठेवली.

"गोळीने झोपायची, पण उभी तरी राहायची. हे तर विष आहे, आई. ओतून टाकते. आजपासून गोळी नको, औषध नको, काही नको."

"आणि पुन्हा पडली म्हणजे?"

"मग याने काय उभी राहिलीय?"

बाटलीचं झाकण उघडलेलं होतं. मग आजी उठली. "ओतायचीच तर त्या गोडबोल्याच्या समोर ओत. चल." तिने शालीत सिसाला पाठीशी बांधलं, बाटली घेतली आणि वाटेत औषधाची वेळ होईल म्हणून मलाही कमरेला खोचलं.

डॉक्टरांनी सिसाचे डोळे पाहिले, तिला चालवून पाहिलं. "औषध कसं देता? दाखवा बरं."

आजीने मला भरलं. डॉक्टरांनी तिचं मनगटच धरलं.

"आजी! हा कोणता चमचा?"

"चमचुला. तुम्हीच म्हणालात ना?"

"चमचुला म्हणजे कॉफीचा! लहान! हा तर त्याच्या तिप्पट आहे!"

"मग लहान म्हणायचं होतं. लाडाने कशाला बोललात?"

"आमच्याकडे हे लाडाने नाही बोलत, आजी," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मापाने बोलतो. मीच दाखवायला हवं होतं."

त्यांनी सिसाला तिथेच खाटेवर ठेवलं आणि पुढचं औषध तेवढ्यापुरतं थांबवलं. "एकदम कायमचं बंद केलं तर जबर आकडी येईल. मी सांगेपर्यंत काही देऊ नका, काही टाकू नका." तिच्या छातीकडे सगळे बघत राहिले. श्वास जरा लांबला की नार्सिसा ओरडे, "सिसा!" मी टेबलावर चिकट होऊन पडलो होतो. ती उठली नाही तर? कितीदा तरी मनात आलं, मी वितळून का जात नाही?

ऊन कलल्यावर सिसाने डोळे उघडले आणि म्हणाली, "भूक लागली." आजी तिथेच जमिनीवर बसली आणि रडू लागली.

आता घरी मापाच्या रेघांची बिनसुईची पिचकारी आहे. औषध तेच, बरोबर मापाचं. सिसा वर्गात जागी असते. मी पुन्हा सुपात असतो, पण बाटलीचं बूच वाजलं की अजूनही थरथरतो.

मित्रांनो, कोणतं औषध चांगलं नि कोणतं वाईट, हे मला कळत नाही. पण औषधाला नावं ठेवण्याआधी आपण ते किती देतो हे तपासा. नुसतं विचारू नका, डॉक्टरांसमोर करून दाखवा. आकडीचं औषध आपल्या मनाने कधी बंद करू नका. सूप जास्त झालं तर पोट फुगतं. औषध जास्त झालं तर... ते वाक्य पुरं करायला मी अजून भितो.