वेणूबाईच्या सहीचं पान

मित्रांनो, माझी लाल खारव्याच्या जाड कापडाची पाठ फाटली आहे, कोपरे कसरीने खाल्ले आहेत, आणि मला हातात धरलंत तर आधी दोन शिंका येतील. येऊ द्या. शिंकून झालं की ऐका. मी एक जुनी वही आहे. हिशोबाची नव्हे आणि शाळेचीही नव्हे. हुबळीच्या श्रीविलास टॉकीजमध्ये लोक सिनेमा बघून बाहेर यायचे आणि तो कसा वाटला ते माझ्यावर लिहायचे. मी अभिप्रायांची वही.

माझा जन्म दाजीबानपेठेतला. एका बाइंडरने जाड दोऱ्याने मला शिवलं, खळ लावली, आणि दोन दिवस दगडाखाली दाबून ठेवलं. तेव्हा वाटलं होतं, आता आपण कुठल्या तरी पेढीवर जाणार आणि जन्मभर कापडाचे वार मोजणार. पण टॉकीजचे म्यानेजर गुरुराज मला घेऊन गेले. त्यांनी पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'रसिकांचे अभिप्राय' असं लिहिलं, दाराजवळच्या टेबलावर मला ठेवलं, शेजारी दौत ठेवली आणि टाक सुतळीने टेबलाला बांधला. टाक बांधला, कारण माणसं अभिप्राय देतात आणि टाक नेतात!

एकोणीसशे अडतीस साली आमच्याकडे 'वनराणीचा चुडा' नावाचा बोलपट लागला. गोष्ट जुनीच. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. नावडतीला रानात झोपडी बांधून दिलेली. तुमच्या आजीच्या गोष्टीत ती व्रत करते, देव प्रसन्न होतो, आणि राजा तिला वाजतगाजत घरी नेतो. बोलपटवाल्यांनी व्रत काढून टाकलं आणि प्रेम घातलं. राजा शिकारीला जातो, वाट चुकतो, झोपडीत पाणी मागतो, आणि आपल्याच बायकोला न ओळखता तिच्यावर भाळतो. मग सात गाणी. शेवटी हातातल्या चुड्यावरून ओळख पटते, राजा तिला राजवाड्यात आणतो, आणि दोन्ही राण्या एकमेकींना कुंकू लावतात. पडदा.

काय सांगू, नुसती झुंबड! आणि माझ्यावर तर लोक तुटून पडले. संस्कृतचे मास्तर बाळाचार्य यांनी लिहिलं, "स्वतःच्या पत्नीस न ओळखणारा राजा शत्रूस कसा ओळखणार?" धारवाडच्या कॉलेजातल्या पोरांनी लिहिलं, "गाणी झकास, राजा जाडा." एका गृहस्थाने कानडीत अर्धं पान भरून लिहिलं, आणि त्याचा सारांश एवढाच, की पंखा बंद होता. आणखी कुणी लिहिलं, "व्रत गाळले हे बरे केले नाही, परिणाम भोगावा लागेल." मी मात्र खूश! कुणी शिव्या दिल्या काय आणि ओव्या गायल्या काय, माझी पानं भरत होती.

शनिवारी दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी असायचा. त्या खेळाच्या दारावर कृष्णाबाई बसायच्या. चाळिशीच्या विधवा, मराठी चौथी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. बायकांपैकी लिहिता येणाऱ्या थोड्या. बाकीच्या तोंडी सांगायच्या, अक्का लिहायच्या आणि त्या खाली सही नाहीतर अंगठा करायच्या. अशी पद्धतच पडली होती.

पण गुरुराजांनी अक्कांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अक्का, बायकांचे अभिप्राय जरा गोड येऊ द्यात. हँडबिलावर छापायचे असतात. नाहीतर पुढच्या आठवड्यात रिळं बेळगावला जातील."

अक्कांना हा बोलपट स्वतःलाच वेड्यासारखा आवडला होता. त्यांनी तो नऊ वेळा पाहिला होता आणि नऊ वेळा रडल्या होत्या. तो जावा असं त्यांना का वाटेल? मग काय, त्या पदरचं घालू लागल्या. एक बाई म्हणाली, "कडेवरचं पोर रडत होतं, निम्मं दिसलंच नाही." अक्कांनी लिहिलं, "मुलाबाळांसह पाहण्याजोगा चित्रपट." दुसरी म्हणाली, "पाय मोडून आले बसून बसून." अक्कांनी लिहिलं, "तीन तास कसे गेले कळलेच नाही." सांगणाऱ्या बाया घरी जायच्या, कुणाचं काही बिघडायचं नाही. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला ती गंमत वाटायची. गोड गोड वाक्यांनी मी फुगले होते.

आता वेणूबाईची गोष्ट सांगते. तिच्या घरचं मला पुढे कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुमचा गोंधळ व्हायचा नाही. वेणूबाई दाजीबानपेठेतल्या तासगावकरांची सून. कापडाचं मोठं दुकान. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. वर्षभरापूर्वी तिला धारवाडजवळच्या केलगेरीला भावाकडे पाठवून दिलं होतं, आणि नवरा वसंत दुसरं लग्न करायचं म्हणत होता. मुलगीही पाहून ठेवली होती. त्या काळी कायद्याने त्याला कुणी अडवत नव्हतं. अडवलं ते त्याच्या वडिलांनी. त्यांना सगळी पेठ अप्पा म्हणायची. अप्पांनी निक्षून सांगितलं होतं, "वेणूनं आपण होऊन हो म्हटल्याशिवाय मी अक्षता टाकणार नाही. तिचा तळतळाट मला नको." आणि वेणूबाई हो म्हणत नव्हती. तिच्या एका शब्दावर तिचं घर टिकून होतं.

वेणूबाईची भावजय कमल हुबळीची. ती माहेरी आली तेव्हा नणंदेलाही घेऊन आली आणि शनिवारी दोघी सिनेमाला आल्या. खेळ सुटला. कमल म्हणाली, "वन्सं, तुम्ही पण सांगा की काहीतरी. सगळ्या सांगतायत."

वेणूबाई टेबलाशी आली. बारीक अंगाची, डोळे कोरडे. बाकीच्या बाया नाकं पुसत होत्या, ती नव्हती. म्हणाली, "लिहा अक्का. लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा चांगली वाटली होती. आता नाही वाटली. राजानं नावडतीला परत आणलं, पण ती दुसरी तिथंच आहे की! एका घरात दोघी, आणि वर एकमेकींना कुंकू लावायचं. ह्याला सुख म्हणायचं काय? मी असते तर झोपडीतच राहिले असते. पण माझ्या घरात दुसरी आणायला हो म्हणाले नसते. मेले तरी नसते म्हणाले."

मित्रांनो, इतका खरा अभिप्राय माझ्या जन्मात कुणी दिला नव्हता. मी पान पसरून बसले होते, आता हे शब्द आपल्यावर उमटणार म्हणून. आणि कृष्णाबाईंनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, "शेवट फारच गोड. दोन्ही राण्या एका घरात बहिणींप्रमाणे सुखाने नांदतात हे पाहून मन भरून आले. घरात सवत आली तरी पतीच्या सुखात आपले सुख मानावे, असा बोध मी घेतला."

"करा सही," अक्का म्हणाल्या.

वेणूबाईला सहीपुरतंच लिहिता यायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्यानेच पाटीवर गिरवून घेतली होती. तिने जीभ दाताखाली धरून, सावकाश, एकेक अक्षर काढलं. सौ. वेणू वसंत तासगावकर. जे नाव तोंडाने घ्यायचं नाही ते हाताने लिहिताना ती जराशी लाजली. मग कमलला म्हणाली, "बघ, विसरले नाही मी." दोघी गेल्या.

गुरुराजांना तो अभिप्राय इतका आवडला, की नावासकट हँडबिलावर छापला. पुढच्या मंगळवारी टांगा ताशा वाजवत लॅमिंग्टन रोडवरून दाजीबानपेठेत गेला आणि गुलाबी कागद दुकानादुकानांतून पडले. एक तासगावकरांच्या पायरीवरही पडला.

दुसऱ्या दिवशी वसंत टॉकीजमध्ये आला. तिशीचा, सुरेख माणूस, पण चेहरा चोरट्यासारखा. त्याने माझी पानं उलटली, सहीपाशी थांबला, तिच्यावरून अंगठा फिरवला. गुरुराजांना म्हणाला, "ही सही आमच्याच घरातल्या माणसाची आहे. वडिलांना दाखवायचंय. आजच्या दिवस वही न्यायला मिळेल काय?" गुरुराज हरभऱ्याच्या झाडावर चढले. एवढे मोठे दुकानदार आमची वही मागतात! त्यांनी मला रुमालात बांधून दिलं.

अप्पांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे तिनं आपण होऊन लिहिलंय?"

"सही तिचीच आहे, अप्पा. मीच शिकवलीय."

"सही बघितली मी. मी काय विचारतोय?"

वसंतने गुलाबी कागद पुढे सरकवला. म्हणाला, "सगळ्या गावात छापून आलंय, अप्पा. आता आणि काय पाहिजे?"

मी आतून ओरडत होते. अहो अप्पा, केलगेरीला माणूस पाठवा! सकाळच्या गाडीने निघाला तर दुपारी जेवायला परत येईल! पण वहीला कुठला आवाज? माझ्यावर जे लिहिलंय तेवढंच मी बोलणार. आणि लिहिलेलं वाचून अप्पांचे डोळे ओले झाले. "फार मोठ्या मनाची पोर," ते म्हणाले. "चला, तिचा जीव तरी शांत झाला म्हणायचा." केलगेरीला कुणी गेलं नाही. दहा दिवसांनी अक्षता पडल्या. त्या अप्पांनी टाकल्या.

लग्न झालं आणि ते आपल्या सहीच्या जोरावर झालं, ही बातमी केलगेरीला पोचली. त्यापुढच्या शनिवारी वेणूबाई कमलबरोबर टॉकीजवर आली. तिकीट काढलं नाही. सरळ टेबलाशी येऊन म्हणाली, "अक्का, माझा अभिप्राय वाचून दाखवा."

अक्का हसून म्हणाल्या, "अगं बाई, तुमचा तर छापून आला! गावभर झाला!"

"तोच वाचा."

अक्कांनी वाचायला घेतलं. पहिलं वाक्य सहज वाचलं. दुसऱ्या वाक्याला वेणूबाईच्या तोंडाकडे बघितलं आणि अडखळल्या. तिसरं वाक्य त्यांच्याच्याने पुरं होईना. कमल कडाडली, "ह्यांनी असं सांगितलं होतं काय हो? मी इथं उभी होते! ह्यांच्या घरात सवत आणून बसवलीत तुम्ही!"

कृष्णाबाई पांढऱ्याफटक पडल्या. "देवाशपथ मला ठाऊक नव्हतं. मी आपलं चांगलं दिसावं म्हणून..."

वेणूबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती पानावर वाकली आणि बराच वेळ आपल्या सहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षर मात्र फार सुरेख आहे हो तुमचं, अक्का." आणि पायऱ्या उतरून गेली.

कृष्णाबाईंनी मला उचललं, काखेत मारलं आणि खेळ तसाच टाकून दाजीबानपेठेत गेल्या. अप्पांपुढे मला उघडून ठेवलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, तेवढं त्यांचं पुण्य. अप्पांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. आतल्या खोलीत नव्या सुनेच्या बांगड्या वाजत होत्या. कुठल्या तरी गावाहून आलेली सतरा वर्षांची पोर, तिचा यात काय दोष? अप्पा हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही चुकलात. पण मी जास्त चुकलो. मी सुनेला विचारायला हवं होतं आणि विचारलं कागदाला."

ते दुसऱ्याच दिवशी केलगेरीला गेले. कमलने पुढे अक्कांना सांगितलं, की वेणूबाईने त्यांना पाणी दिलं, पायाला हात लावून नमस्कार केला, आणि परत यायला नाही म्हणून सांगितलं. ती पुन्हा दाजीबानपेठेत आली नाही. भावाच्या घरी राहिली आणि शिवणकाम करून पोट भरू लागली. वसंत एकदा भेटायला गेला होता म्हणे. ती बाहेर आली नाही.

बोलपट बेळगावला गेला. कृष्णाबाईंनी मला पुन्हा टेबलावर ठेवलं नाही. गुरुराजांना सांगितलं, वही हरवली. आपल्या ट्रंकेत जुन्या लुगड्यांखाली मला घातलं. वर्षातून एकदा काढायच्या, ते पान उघडायच्या आणि मिटायच्या. मग त्याही गेल्या. तेव्हापासून ट्रंकेत मी आणि कसर.

मला फाडून टाका, जाळा, त्याचं मला काही वाटणार नाही. माझी विनवणी वेगळीच आहे. मित्रांनो, तुम्हाला लिहितावाचता येतं. उद्या शेजारची एखादी मावशी येईल आणि म्हणेल, बाळ, एवढं लिहून दे. तिने सांगितलं तेच लिहा. कडू असलं तरी तेच लिहा, वेडंवाकडं असलं तरी तेच लिहा. तुमच्या मनाचं गोड त्यात घालू नका.

आणि एक गोष्ट मी मघाशी तुम्हाला सांगितली नाही. सांगायची लाज वाटली. त्या शनिवारी सही करायला टाक हातात घेतल्यावर वेणूबाईने मान वर करून विचारलं होतं, "अक्का, सगळं लिहिलंत ना मी म्हणाले ते?"

अक्का म्हणाल्या होत्या, "सगळं लिहिलं."

तीनच वाक्यं होती, मित्रांनो. वाचून दाखवायला किती वेळ लागला असता?