मांजराला मांजर

"सिस्टर, आईला काही कळता कामा नये हं," बाईंच्या लेकीनं मला खोलीच्या दारातच अडवलं. "विचारलंच तर सांगा, पोटाला सूज आहे."

मी मान हलवली. नर्सला अर्धा पगार मान हलवण्याचाच मिळतो म्हणा ना!

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या फ्रेंचच्या बाई. मी त्यांच्या वर्गातली पक्की ढ. डोक्यात राहिलं ते एवढंच, 'अं शा, अं शा'. शा म्हणजे मांजर; मांजराला मांजर म्हणायचं, म्हणजे जे आहे ते सरळ सांगायचं, आडपडदा ठेवायचा नाही. एकीनं ते दुसरीच्या जाडेपणावर वापरलं, तेव्हा बाई कसल्या डाफरल्या होत्या! "टोमणे मारायला नाही ते. सगळे आडवळणं घेत असले, की तिथं वापरायचं."

आत गेले तर बाई जाग्याच होत्या.

"काय गं, कधी सोडताय मला?"

"सोडतील की! सूजच तर आहे." मी सलाइनच्या नळीला टिचकी मारली.

"पुन्हा टिचकी? थेंब तर नीट पडतायत. खोटं बोललीस की तुझा हात नळीकडे जातो." बाई हसल्या. "डॉक्टर खिडकीबाहेर बघत बोलतात. लेक सारखी उशीच नीट करते. अगं, पोट माझं आणि मलाच पत्ता नाही! माझी थोरली बहीण आहे. आमचा अबोला आहे, कित्येक वर्षांचा. सूज असेल तर फोन करेन कधीतरी सावकाश. नसेल तर आजच करायला हवा. एवढं तरी मला ठरवू दे."

लेकीला मान हलवून बसले होते. पण बाईंनी वर्गात करायच्या तसं बोट वर केलं. "मागच्या बाकावरची, उभी राहा."

मी हात मागे बांधून उभी राहिले. "अं शा, बाई."

"मांजर नको. नाव घे त्याचं."

"कॅन्सर."

बाईंनी डोळे मिटले. मी त्यांचा हात धरला.

"तुझा उच्चार सुधारलाय हो," त्या शेवटी म्हणाल्या. "तो फोन दे इकडे."

पलीकडून आवाज आला. "ताई, मी गं," एवढंच बाईंना म्हणता आलं. मग दोघीही रडल्या.

तेवढ्यात लेक आत आली. आईचे ओले डोळे पाहिले, माझ्याकडे रागानं बघितलं आणि घाईघाईनं उशीला हात घातला.

"उशी छान आहे," बाई म्हणाल्या. "तू बस इथं."